आम्लांची नावं पाठ करू नकोस, आयनांची कर

अकरावीत गेलेल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका मुलीचा हा प्रश्न. क्लासमध्ये पंचवीस आम्लांची यादी पाठ करायला दिली आहे. एचसीएल हायड्रोक्लोरिक, तर एचएनओ३ हायड्रोनायट्रिक का नाही? सल्फ्युरस सौम्य आणि सल्फ्युरिक तीव्र, म्हणजे शेवटी ‘इक’ आलं की आम्ल तीव्र, असं तिने ठरवलं होतं, पण फॉस्फोरिक आम्ल पुस्तकात सौम्य निघालं. शेवटी विचारते, ‘मॅडम, पाठ करायची काही युक्ती आहे का?’

युक्ती आहे, पण त्याआधी एक गुंता सोडवू. तू दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले आहेस. आम्लाला नाव कशावरून मिळतं हा एक आणि ते पाण्यात किती सुटतं, म्हणजे त्याचे किती रेणू एच+ देतात, हा दुसरा. नावात पहिल्याचं उत्तर असतं, दुसऱ्याचं नसतं. नावावरून तीव्रता ओळखायला गेलीस तर चार ठिकाणी जमेल आणि पाचव्या ठिकाणी फसशील. फॉस्फोरिक हे तुझं पाचवं ठिकाण.

आता यादी. ती बाजूला ठेव. आम्लाला स्वतःचं नाव नसतंच म्हण ना. त्यातला हायड्रोजन एच+ म्हणून निघून गेल्यावर जो ऋण आयन मागे उरतो, त्याच्या नावाला शेपूट बदलून आम्लाचं नाव होतं. दहावीपर्यंत ज्यांना आपण मूलकं म्हणायचो तेच हे. क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट ही नावं तुला क्षारांमुळे आधीच येतात. मग शेपटांचा नियम एवढाच: आयनाचं नाव ‘आइड’ने संपत असेल तर पुढे ‘हायड्रो’ आणि मागे ‘इक’. ‘एट’ने संपत असेल तर नुसतं ‘इक’. ‘आइट’ने संपत असेल तर ‘अस’. माझ्या वर्गात आम्ही म्हणायचो, ‘एट इकडे, आइट असं.’ विनोद बेताचाच आहे, पण वीस वर्षांनी भेटलेल्या मुलांना बाकी काही नाही तरी हे आठवतं.

म्हणजे क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक. नायट्रेटचं नायट्रिक, नायट्राइटचं नायट्रस. सल्फर आणि फॉस्फरस ही दोन मूलद्रव्यं जरा लाडावलेली आहेत, त्यांचं मधलं अंग आम्लात लांबतं: सल्फेटचं ‘सल्फिक’ न होता सल्फ्युरिक होतं, फॉस्फेटचं फॉस्फोरिक. एवढे दोन अपवाद लक्षात ठेव.

नियम घरात तपासून बघ. मिठाच्या पुडीवर पोटॅशियम आयोडेट लिहिलेलं असतं, त्याचं आम्ल आयोडिक. लोणच्याच्या किंवा सरबताच्या बाटलीवर सोडियम बेन्झोएट, त्याचं बेन्झोइक. जुलाब झाल्यावर देतात त्या ओआरएसच्या पाकिटावर ट्रायसोडियम सायट्रेट, त्याचं सायट्रिक, म्हणजे आपल्या लिंबातलं. हे ‘ट्राय’ विसरू नकोस, पुढे लागणार आहे. सेंद्रिय आम्लांची मूळ नावं जिथून ती सापडली तिथून आली आहेत. मुंगीला लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणतात, म्हणून फॉर्मिक. ऑक्झॅलिक आलं ऑक्झॅलिस या झाडावरून, आणि त्याच कुळातली आपली आंबुटी, जिची आंबट पानं लहानपणी आपण सगळ्यांनी चघळली आहेत. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जी आंब धरते, जी गोळा करायला शेतकरी रात्री पिकावर धडपं पसरून ठेवायचे, तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. त्यांचे आयन मॅलेट आणि ऑक्झलेट. नियम तोच.

बहुतेक वह्यांमध्ये हा नियम वेगळ्या शब्दांत असतो: ‘दोनच मूलद्रव्यं असतील तर हायड्रो लावा.’ मला हे वाक्य आवडत नाही. एचसीएन घे. त्यात हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजन, म्हणजे तीन मूलद्रव्यं, तरी नाव हायड्रोसायनिक. कारण आयन आहे सायनाइड, आणि ‘आइड’ला हायड्रो लागतं. मूलद्रव्यं मोजू नकोस, शेपूट बघ. (हायड्रॉक्साइडपण ‘आइड’च की, असं दरवर्षी एक तरी हुशार मूल विचारतं. बरोबर आहे. पण हायड्रॉक्साइडला एच+ जोडला की होतं पाणी, आणि त्याला ‘हायड्रोहायड्रॉक्सिक आम्ल’ म्हणायची वेळ कुणावर आलेली नाही.)

आणखी एक बारीक गोष्ट. हायड्रोक्लोरिक आम्ल हे नाव पाण्यातल्या द्रावणाचं आहे. बाटलीतून उठणारा वायू हायड्रोजन क्लोराइड. हा वायू पूर्ण कोरडा करून कोरड्या निळ्या लिटमसवर सोडला तर कागद निळाच राहतो, कागद ओला केला की लगेच लाल होतो. हा प्रयोग एकदा डोळ्यांनी बघितला की ‘पाण्यात विचरण होतं’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

पण मुळात दोन तऱ्हा का? एकाला हायड्रो आणि दुसऱ्याला नाही, असं कुणी ठरवलं? यामागे एक मोठी चूक आहे, आणि मला ती फार आवडते.

१७८७ साली पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्थोले आणि फुरक्रुआ या चौघा रसायनशास्त्रज्ञांनी पदार्थांना पद्धतशीर नावं द्यायची योजना छापली. त्याआधी गंधकाम्ल (सल्फ्युरिक) म्हणजे ‘व्हिट्रिऑलचं तेल’ आणि नत्राम्ल (नायट्रिक) म्हणजे ‘जोरकस पाणी’ असा कारभार होता. चौघांनी ठरवलं की एकाच मूलद्रव्याची दोन आम्लं असतील तर जास्त ऑक्सिजनवाल्याला ‘इक’ आणि कमीवाल्याला ‘अस’, आणि त्यांच्या क्षारांना अनुक्रमे ‘एट’ आणि ‘आइट’. तुझ्या नियमाचा जन्म इथला. म्हणजे ‘इक’चा अर्थ पहिल्यापासून ‘जास्त ऑक्सिजन’ असाच होता, ‘जास्त जोर’ असा नव्हता.

लव्हाझिएची पक्की समजूत होती की आंबटपणा येतो तोच ऑक्सिजनमुळे. त्याने नावच तसं ठेवलं: ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे आंबट किंवा तिखट धारेचं, आणि पुढचा भाग ‘उत्पन्न करणारा’. आम्ल जन्माला घालणारा तो ऑक्सिजन. बंगालीत त्याचं सरळ भाषांतर होऊन ‘अम्लजान’ झालं. आपल्याकडे ‘प्राणवायू’ रुळलं, म्हणून ही चूक मराठीत शिरलीच नाही, हे आपलं नशीब. अडचण एकच होती: मिठापासून मिळणाऱ्या म्युरिॲटिक आम्लात, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिकमध्ये, ऑक्सिजन काही केल्या सापडेना. लोक म्हणत राहिले की असणारच, अजून काढता आलेला नाही एवढंच. १८१० साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने सांगून टाकलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, आणि त्या आम्लात हायड्रोजन आणि क्लोरीन यांखेरीज काहीही नाही. ऑक्सिजनशिवाय आम्ल! मग अशा आम्लांना वेगळं ओळखायला नाव शोधावं लागलं, आणि पुढे ‘हायड्रो’ चिकटलं. नायट्रिकमध्ये ऑक्सिजन होताच, त्यामुळे त्याला वेगळी खूण लावायची गरज पडली नाही. ‘हायड्रोनायट्रिक का नाही’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आम्लाचा धर्म हायड्रोजनमुळे हे पुढे मान्य झालं, पण ऑक्सिजनचं नाव बदलायला कुणी गेलं नाही.

आता ज्या भागात सगळे गडबडतात तो क्लोरीनचा जिना.

क्लोरीनचे ऑक्सिजनवाले आयन चार आहेत. त्यांच्या मधोमध उभं राहायचं: क्लोरेट, सीएलओ३, भार उणे एक. एक ऑक्सिजन काढला की क्लोराइट. आणखी एक काढला की शेपूट तेच, पण पुढे ‘हायपो’ लागतं, म्हणजे ‘खालचा’: हायपोक्लोराइट. क्लोरेटला एक ऑक्सिजन वाढवला की ‘पर’: परक्लोरेट. भार चौघांचाही उणे एकच राहतो, हे विसरू नकोस. ऑक्सिजनबरोबर भारही बदलणारी मुलं दरवर्षी निघतात. आम्लं झाली हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक, परक्लोरिक. ‘चार ऑक्सिजनवाल्यालाच सरळ क्लोरेट का म्हटलं नाही?’ कारण तीनवालं आधी सापडलं आणि ‘एट’ त्याने घेऊन टाकलं. नंतर आलेल्याला उरलेलं नाव मिळालं. ब्रोमीनच्या बाबतीत तर परब्रोमेट करायला १९६८ साल उजाडलं.

या चौघांतलं सगळ्यात खालचं तुझ्या गावात रोज राबतं. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो ना, ती पाण्यात हायपोक्लोराइट देते, त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, आणि जंतू मारायचं काम मुख्यतः तेच करतं. जुन्या फोटोस्टुडिओतल्या लोकांचा ‘हायपो’ मात्र वेगळा. तो सोडियम थायोसल्फेट, पूर्वी त्याला हायपोसल्फाइट म्हणत. रसायनशास्त्राने नाव बदललं, स्टुडिओने नाही.

‘एट’ म्हणजे अमुक इतके ऑक्सिजन असा नियम नाही, आणि कितीही शोधलास तरी सापडणार नाही. नायट्रेट, कार्बोनेट आणि क्लोरेटमध्ये तीन, सल्फेट आणि फॉस्फेटमध्ये चार. हे पाच आणि त्यांचे भार पाठच करायचे: नायट्रेट आणि क्लोरेट एक, कार्बोनेट आणि सल्फेट दोन, फॉस्फेट तीन. भार जितका तितके हायड्रोजन लावले की आम्लाचं सूत्र तयार. फॉस्फेट उणे तीन, म्हणून एच३पीओ४. पंचवीस आम्लांच्या जागी पाच आयन, हा सौदा वाईट नाही.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी एक सावधगिरी, इंग्रजी पुस्तकात ती मिळणार नाही. सल्फाइड आणि सल्फाइट, नायट्राइड आणि नायट्राइट, यांत देवनागरीत फक्त ‘ड’ आणि ‘ट’चा फरक. मी नवीन असताना प्रॅक्टिकलच्या सकाळी घाईत चिठ्ठी लिहून प्रयोगशाळेतल्या मामांना दिली: सोडियम सल्फाइट. माझं अक्षर असं की त्यांनी सल्फाइड वाचलं. बशीत पांढऱ्या भुकटीऐवजी पिवळसर पापुद्रे आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलाने विरल आम्लाचे चार थेंब टाकले आणि सडक्या अंड्यांचा वास सगळ्या मजल्यावर गेला. सल्फाइटने सल्फर डायऑक्साइड दिला असता, जळत्या गंधकाचा नाकात झोंबणारा. आम्हाला मिळाला हायड्रोजन सल्फाइड, आणि तो विषारी असतो. मुलांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, प्रयोग रद्द. तेव्हापासून चिठ्ठीवर नावासोबत सूत्र लिहिते. तूही लिही.

त्याहून वाईट गोंधळ फॉस्फरसचा. मूलद्रव्यही फॉस्फरस आणि एच३पीओ३ हे आम्लही ‘फॉस्फरस आम्ल’. इंग्रजीत दोघांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, देवनागरीत तोही नाही. उत्तरपत्रिकेत आम्लाचं सूत्र कंसात दे, म्हणजे तपासणाऱ्याला शंका राहणार नाही.

आता वर्गीकरण. पुस्तकात याचा तक्ता असतो, आणि तक्त्यामुळे वाटतं की एक आम्ल एकाच खणात बसतं. तसं नाही. प्रत्येक आम्लाला वेगवेगळे प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र. खनिज की सेंद्रिय, आणि ऑक्सिजन आहे की नाही, हे दोन सोपे, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. एक रेणू किती एच+ देऊ शकतो, हा तिसरा. दहावीपर्यंत याला आम्लारिधर्मता म्हणायचो, कॉलेजात बेसिसिटी म्हणतील. इथे सूत्रातले हायड्रोजन मोजायचा मोह होतो. ॲसेटिक आम्लात चार हायड्रोजन आहेत, सुटतो एक. सायट्रिकमध्ये आठ आहेत, सहज सुटतात तीन, आणि म्हणूनच त्या ओआरएसच्या पाकिटावर ‘ट्राय’सोडियम होतं. क्षारात सोडियम जास्तीत जास्त किती बसतात ते बघ, आम्लारिधर्मता कळते. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे कार्बोनिक आम्लाचे दोन क्षार, एकात सोडियम एक, दुसऱ्यात दोन. म्हणजे आम्लारिधर्मता दोन.

चौथा प्रश्न तीव्र की सौम्य, आणि पाचवा संहत की विरल. हे दोन एकच समजणारे मला बीएस्सीलाही भेटले आहेत. तीव्र म्हणजे पाण्यात टाकल्यावर जवळपास सगळे रेणू सुटतात. सौम्य म्हणजे थोडेच सुटतात. एका लिटरमध्ये ०.१ मोल ॲसेटिक आम्ल असेल तर हजार रेणूंमागे साधारण तेराच सुटलेले असतात, तेवढ्याच हायड्रोक्लोरिकमध्ये सगळे. संहत आणि विरल हा मात्र फक्त पाणी किती याचा हिशेब. पुण्यात जानेवारीत सकाळी प्रयोगशाळा उघडली की ग्लेशियल ॲसेटिक आम्लाची बाटली गोठून काचेला खडीसाखरेसारखी चिकटलेली असायची, कारण ते १६.६ अंशांखाली गोठतं. त्या बाटलीत पाणी जवळजवळ नाहीच, म्हणजे संहततेचं टोक. तरी आम्ल सौम्य. उलट पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलं विरल, पण तीव्र.

आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य गटात येतं. ते काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात, आणि कातडीवर पडलं तर आत झिरपून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. थोड्या सांडण्यानेही माणूस दगावू शकतो.

तीव्र आम्लं पाठ करायची तर सहाच: हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक. काही पुस्तकं क्लोरिक सातवं धरतात. बाकी सगळी सौम्य समज, परीक्षेपुरतं चुकणार नाहीस.

ऑक्सिजनवाल्या खनिज आम्लांसाठी मात्र पाठांतराहून बरी गोष्ट आहे, एक वजाबाकी. सूत्रातल्या ऑक्सिजनमधून हायड्रोजन वजा कर. उत्तर दोन किंवा जास्त आलं तर तीव्र, एक आलं तर मधलं-सौम्य, शून्य आलं तर अगदीच सौम्य. मूळ कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंगची. हायड्रोजन न लागलेले ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, त्यामुळे उरलेल्या ओएचमधला हायड्रोजन सैल होतो. सल्फ्युरिक: चार वजा दोन, दोन. तीव्र. नायट्रिक: तीन वजा एक, दोन. तीव्र. सल्फ्युरस: तीन वजा दोन, एक. सौम्य. फॉस्फोरिक: चार वजा तीन, एकच. म्हणून ते ‘इक’ असूनही सौम्य. क्लोरीनच्या जिन्यावर शून्य, एक, दोन, तीन असं चढत जातं. बोरिक: तीन वजा तीन, शून्य. कॅरमवर टाकायची ती बोरिक पावडर, हाताला लागली तरी आपण झटकून सोंगटी मारतो.

तेव्हा तू जे हेरलं होतंस ते अर्धं बरोबर होतं. एकाच मूलद्रव्याच्या दोन आम्लांत ‘इक’वालं साधारणपणे ‘अस’वाल्यापेक्षा जोरकस असतं. वेगवेगळ्या मूलद्रव्यांची ‘इक’ आम्लं एकमेकांशी तोलायची नाहीत, एवढंच राहून गेलं.

‘साधारणपणे’ म्हटलं ते मुद्दाम. एच३पीओ३ घे. वजाबाकी शून्य, म्हणजे बोरिकसारखं पांगळं असायला हवं. मोजून बघितलं तर ते फॉस्फोरिकपेक्षा थोडं जास्तच जोरकस निघतं. वजाबाकी फसली, कारण आपण धरून चाललो की तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटलेत. खरं तर एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला धरून आहे. ओएच दोनच, आणि एक ऑक्सिजन मोकळा, म्हणजे उत्तर शून्य नसून एक. थेट फॉस्फरसला धरलेला हायड्रोजन आम्ल म्हणून सुटत नाही, म्हणून याची आम्लारिधर्मता तीन नसून दोन. त्याचे सोडियम क्षार दोनच मिळतात, तीन सोडियमवाला मिळत नाही.

आता याचा धाकटा भाऊ तुझ्यासाठी ठेवते: हायपोफॉस्फरस आम्ल, एच३पीओ२. वजाबाकी केलीस तर उणे एक येईल, आणि ते तर काहीच्या काही. विजेशिवाय निकेलचा मुलामा चढवणारे कारखाने याचा क्षार पोत्यांनी आणतात, आणि पोत्यावर सूत्र असतं एनएएच२पीओ२. सोडियम किती आहेत बघ, मग फॉस्फरस मध्ये काढून त्याच्याभोवती दोन ऑक्सिजन आणि तीन हायड्रोजन कुठे कुठे बसतात ते वहीत मांडून बघ.